सेफ्टी शॉवर आणि आय वॉश बसवायचा आहे, पण गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात हात भाजतं (जळगाव)

गिरणाकाठ (जळगाव)
नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमचं जुनं प्लास्टिक धुऊन दाणा करायचं युनिट आहे. भंगारातून माल येतो, बायका निवडतात, कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात तो धुतला जातो आणि दाणा चटईवाल्यांकडे जातो. दोन्ही पाळ्या धरून ३४ माणसं. मी तिथे सुपरवायझर आहे.

दोन महिन्यांपूर्वी धुण्याच्या हौदात कॉस्टिकचे फ्लेक्स टाकताना पाणी उसळलं आणि आमच्या एका पोराच्या उजव्या डोळ्यात गेलं. "डोयामा गयं, डोयामा गयं" ओरडत तो खालीच बसला. मोरी शेडच्या दुसऱ्या टोकाला. त्याला धरून तिथवर नेईपर्यंत दीड-दोन मिनिटं गेली, आणि नळाला करंगळीएवढी धार. कुणी म्हणालं तूप घाला, कुणी दूध आणायला पळालं. मी तांब्याने पाणी मारत राहिलो. पाच मिनिटांत रिक्षा आली, तसे आम्ही निघालो. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "किती वेळ धुतला?" डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. त्या डोळ्याने त्याला वाचता येत नाही. वय २३. तो परत कामावर आलाय, आता निवडणीवर असतो, आणि मला रोज समोर दिसतो.

मालक खर्चाला तयार आहेत. दोन कोटेशनं आली आहेत. एकात स्टेनलेसचं जोडयुनिट, म्हणजे अंगावर रसायन सांडलं तर वरून पाणी सोडणारा शॉवर आणि डोळे धुवायचा आय वॉश एकत्र. दुसऱ्यात भिंतीला लावायच्या अर्ध्या लिटरच्या सहा बाटल्या, वर शेरा की छोट्या युनिटला एवढं पुरे. मला यातलं काही कळत नाही. पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येतं, २००० लिटरची आहे. मे महिन्यात दुपारी त्या नळाखाली हात धरवत नाही. लाईट गेली की बोअर बंद. अशा ठिकाणी काय घ्यावं? आणि हात धुवायची जागाही सुधारायची आहे, ती यातच जमेल का?

हतनूरचा_फिटर
भाऊ, वाचून वाईट वाटलं. मी भुसावळकडे वीजकेंद्राच्या पाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटवर २६ वर्षं काढली. तिथे एका बाजूला ॲसिडची टाकी, दुसऱ्या बाजूला कॉस्टिकची, म्हणून शॉवर आणि आय वॉश आमच्या रोजच्या बघण्यातले. तुम्ही कोटेशन नंतर बघा, आधी पाणी मोजा.

अमेरिकेचं अन्सी झेड ३५८.१ नावाचं मानक आहे, आपल्याकडचे बरेच विक्रेतेही त्याचेच आकडे सांगतात. साध्या आय वॉशला मिनिटाला किमान १.५ लिटर पाणी सलग १५ मिनिटं, म्हणजे २३ लिटर. डोळे आणि चेहरा दोन्ही धुणाऱ्या युनिटला मिनिटाला ११.४ लिटर, म्हणजे १७१ लिटर. शॉवरला मिनिटाला सुमारे ७६ लिटर, म्हणजे १५ मिनिटांना ११४० लिटर. जोडयुनिटमध्ये दोन्ही एकदम चालू राहिले पाहिजेत. तेव्हा १३०० लिटर पाणी त्या कामासाठी कायम शिल्लक हवं.

तुमच्या अर्ध्या लिटरच्या सहा बाटल्या म्हणजे ३ लिटर. आय वॉशच्या हिशेबाने दोन मिनिटांचं पाणी. त्यावरून तुम्हीच ठरवा.

आता टाकी २००० लिटरची आहे, पण चहा, मोरी, फरशी सगळं तिच्यावरच असणार. दुपारी तीनला तिच्यात किती उरतं ते कुणी बघत नाही. आमच्याकडे आगीच्या पाण्यासाठी करायचे तसं करा. रोजच्या वापराचा पाईप टाकीच्या वरच्या भागातून काढा आणि शॉवरचा तळातून. मग मोरीचा नळ कोरडा पडला तरी खालचं १३०० लिटर शाबूत राहतं. टाकी तीच, फक्त एक भोक वर पाडायचं.

दाब हा दुसरा मुद्दा. बहुतेक युनिटं ३० पीएसआय दाब धरून बनवलेली असतात, म्हणजे २१ मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब. तुमची टाकी जमिनीपासून किती उंच आहे? आणि हौदापासून युनिटची जागा किती लांब ठरवली आहे?

गिरणाकाठ
टाकीचा तळ १८ फुटांवर. विक्रेत्याने जागा ऑफिसच्या भिंतीजवळ दाखवली, कारण तिथे पाईप आहे. हौदापासून पावलं मोजली, ४० भरली. मध्ये दोन पायऱ्या.

हतनूरचा_फिटर
ती जागा सोडून द्या. मानकात १० सेकंदांत पोहोचता आलं पाहिजे, त्याच पातळीवर, मध्ये अडथळा नको असं आहे. धडधाकट माणूस १० सेकंदांत साधारण १६-१७ मीटर चालतो असं धरतात. पण ज्याचे दोन्ही डोळे मिटलेत तो पायरी कशी उतरेल? कॉस्टिकसारख्या जहाल मालाला तर युनिट हौदाला लागूनच हवं. पाईप युनिटकडे न्या, जखमी माणसाला पाईपकडे नेऊ नका.

दाबाचं सांगतो. १८ फूट म्हणजे साडेपाच मीटर. शॉवरचं तोंड जमिनीपासून २.०८ ते २.४४ मीटरवर असतं. उरले सव्वातीन मीटर. हा दाब फारच कमी. पाऊण इंची पाईपवर शॉवर लावला तर नुसता पाझरेल, आणि विक्रेता बसवून पैसे घेऊन गेलेला असेल. दोन रस्ते आहेत. एक, दोन इंची सरळ पाईप, कमीत कमी एल्बो (काटकोनी वळणं), आणि कमी दाबावर चालणारं शॉवर हेड, मोजून मगच पैसे. दुसरा, टँक शॉवर मिळतो, ज्याच्या डोक्यावरच १२०० लिटरच्या पुढची टाकी असते. पंपावर अवलंबून राहायचं असेल तर त्याला जनरेटर हवा, नाहीतर लाईट गेलेल्या दिवशी तो शोभेचा.

आणि उद्याच्या उद्या करायचं काम म्हणजे हौदाजवळ सावलीत ६० लिटरच्या आसपासचा, स्वतःची टाकी असलेला आय वॉश टांगा. गुरुत्वाकर्षणावर चालतो, ना पाईप लागतो ना लाईट. घेताना १५ मिनिटं पुरतो का ते लेखी घ्या. शॉवरची पाईपलाईन होईपर्यंत डोळ्यांची तरी सोय झाली.

डाळवाला_नाना
फिटर दादा, तुमचं ज्ञान मोठं आहे, पण प्रत्येक कारखान्याला हे सगळं कसं परवडेल? माझी डाळमिल आहे, १९ माणसं. धूळ जाते डोळ्यात, आम्ही बाटलीने धुतो, काम भागतं. सगळ्यांना शॉवर लावायला सांगाल तर लहान माणूस काहीच लावणार नाही.

जुना_सेफ्टीवाला
नाना, तुमच्या मिलला शॉवर लागतो असं कुणी म्हटलेलं नाही. कुठल्या वस्तूने काय इजा होते यावर साधन ठरतं, माणसांच्या संख्येवर नाही. धुळीला बाटली आणि चांगला नळ पुष्कळ झाला. कॉस्टिक, ॲसिड, बॅटरीचं पाणी, अमोनिया, ओला चुना जिथे असेल तिथे सलग वाहतं पाणीच हवं, मग माणसं चार असोत की चारशे.

पण एक विचारतो. गोदामात किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवता का?

डाळवाला_नाना
हो, वर्षातून दोनदा. माहितीतला माणूस येतो, तो ठेवतो.

जुना_सेफ्टीवाला
मग हे लिहून भिंतीला लावा. त्या गोळीला ओल लागली की फॉस्फीन वायू सुटतो आणि तो जीव घेतो. भुकटी अंगावर सांडली तर बंद खोलीत पाणी ओतत बसायचं नाही. मोकळ्या हवेत येऊन कपडे झटकायचे, उतरवायचे, मग साबणाने अंग धुवायचं. डोळ्यात गेली तर मात्र बाहेर येऊन भरपूर पाण्याने धुवायचाच. वापरलेली भुकटी मोरीत टाकू नका. पाण्याने सगळं धुऊन निघतं या सवयीला एवढा अपवाद ठेवा.

डाळवाला_नाना
हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. उद्याच लावतो. माझ्या पहिल्या पोस्टचं वाईट वाटून घेऊ नका.

पांझरा_सिस्टर (धुळे)
मी डोळ्यांच्या वॉर्डात काम करते. गिरणाकाठ भाऊ, तुम्ही तांब्याने पाणी मारलंत ते बरोबरच केलंत. फक्त थांबायला नको होतं. रिक्षा पाच मिनिटांत आली म्हणून पेशंट पाच मिनिटांत निघतो, हे आम्ही नेहमी बघतो. दारात रिक्षा उभी राहू द्या, १५-२० मिनिटं धुऊन मगच निघा. कॉस्टिक असेल तर वाटेतही धुणं चालू ठेवा. तुमच्या त्या सहा बाटल्या इथे कामाला येतात, रिक्षात.

कॉस्टिक आणि चुना ॲसिडपेक्षा डोळ्याला जास्त वाईट. ॲसिडने वरचा थर गोठतो आणि त्याचीच थोडी आडकाठी होते. अल्कली (म्हणजे कॉस्टिक, चुना) मात्र गोठवत नाही, पेशी विरघळवत आत उतरत राहते. वरून डोळा फार लाल दिसत नाही, माणूस म्हणतो आता बरं आहे, आणि आत नुकसान चालूच असतं. म्हणून दुखायचं थांबलं तरी धुणं थांबवायचं नाही. उतारा म्हणून कॉस्टिकवर लिंबू किंवा ॲसिडवर सोडा घालायचा विचारही करू नका. तूप, दूध, मध, गुलाबपाणी काहीच नको.

धुताना दोन बोटांनी पापण्या फाकवून धरायच्या, कारण डोळा आपोआप घट्ट मिटतो आणि पाणी पापणीवरूनच वाहून जातं. डोळा वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवायला सांगायचं. तांब्याने धुवायचं असेल तर इजा झालेला डोळा खालच्या बाजूला ठेवून डोकं कलवायचं, नाहीतर घाण दुसऱ्या डोळ्यात जाते. लेन्स असेल तर धुता धुता काढायची, ती निघण्याची वाट बघायची नाही.

चुन्याचं वेगळं सांगते, कारण आपल्याकडे तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना फुटते आणि लहान मुलांच्या डोळ्यात जाते. घरोघरी घडणारी गोष्ट आहे ही. चुन्याचे कण पापणीच्या आत चिकटून बसतात. पापणी उलटून ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने कण काढायचे आणि धुत राहायचं. दवाखान्यात येताना पिशवीचं लेबल, पुडी, जे काही असेल ते आणा. आम्हाला काय गेलंय हे कळलं की वेळ वाचतो.

त्या मुलाला बुबुळाच्या तज्ज्ञाकडे दाखवलंत का? पांढरा डाग म्हणजे सगळं संपलं असं प्रत्येक वेळी नसतं. जरूर न्या.

गिरणाकाठ
नाही दाखवलं ताई. या आठवड्यात नेतो. मी स्वतः नेतो.

मिरचीपथारी (नंदुरबार)
आमचं काम वेगळं, पण हात धुण्याबद्दल लिहायचं राहवत नाही. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर दीड-दोनशे बाया बसतात. देठ काढून काढून बोटं जळतात, मग तोच हात डोळ्याला लागतो, घरी गेल्यावर लेकराला लागतो. आम्ही आधी नुसते नळ लावले होते. काही उपयोग नाही. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. गोडं तेल चोळून मग साबणाने धुतलं की जातो. आता नळाजवळ तेलाची बाटली, साबण, आणि कोपराने उघडणारे लांब दांड्याचे नळ आहेत. पूर्वी पिळायच्या नळाला सगळ्यांच्या हाताचं तिखट लागलेलं असायचं, धुतलेला हात पुन्हा तिथेच.

डोळ्यात गेलं तर तेल अजिबात नाही, फक्त पाणी. हे बायांना दहादा सांगावं लागलं.

जुना_सेफ्टीवाला
फार मोलाचं लिहिलंत. हात धुण्याची जागा आणि आय वॉश एकच करू नका, गिरणाकाठ. बेसिनच्या नळाची एक जाड धार डोळ्यावर आदळते, तिथे दोन्ही डोळ्यांना एकदम, मऊ, वर उसळणारं पाणी हवं. शिवाय बेसिनमध्ये जेवणाचे डबे पडलेले असतात.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ४२ हे धुण्याच्या सोयीचं होतं. पुरेशी, स्वच्छ, हाताशी असलेली सोय, आणि स्त्री-पुरुषांना वेगळी, आडोशाची. तुमच्याकडे निवडणीला बायका आहेत, त्यांना पुरुषांच्या मोरीवर जावं लागत असेल तर त्या जेवणाआधी हात धुणारच नाहीत. शिसं असलेली जुनी पीव्हीसी, बॅटरीचा भंगार हाताळत असाल तर हे आणखी गंभीर, कारण शिसं हातावरून भाकरीसोबत पोटात जातं आणि घरी कपड्यांवरून लेकरांपर्यंत. साबण दोरीला बांधून ठेवा, संपला की त्याच दिवशी नवा. ग्रीस निघावं म्हणून रॉकेल किंवा थिनरने हात धुण्याची सवय बंद करा, कातडी फाटते आणि त्यातून आणखी आत जातं.

शॉवरसाठी आपलं भारतीय मानकही आहे, आयएस १०५९२, १९८२ सालचं. खरेदीच्या ऑर्डरवर त्याचा किंवा अन्सीचा उल्लेख करा. व्हॉल्व्ह एका सेकंदात उघडणारा आणि हात सोडला तरी उघडाच राहणारा हवा. दोन्ही हात पापण्या धरण्यात गुंतलेले असतात, हे सिस्टरांनी सांगितलंच. नोझलवरची धुळीची टोपी पाण्याच्या जोराने आपोआप उडाली पाहिजे. आय वॉशची उंची जमिनीपासून ८४ ते १३४ सेंटीमीटर, ओढायची दांडी १७३ सेंटीमीटरच्या खाली. तुमच्यातल्या सगळ्यात बुटक्या बाईला उभी करून बघा.

अरुणावती (शिरपूर)
मी रसायनशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत शॉवर होता आणि कित्येक वर्षं तो कुणी चालवून पाहिला नव्हता, कारण खाली पाणी जायला वाट नाही, फरशी भिजेल. दांडीला मुलांच्या बॅगा टांगलेल्या. एकदा मी हट्टाने ओढली, तर लाल गंजाचं पाणी आलं, मग दोन चमचे शेवाळ, मग काहीच नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की नोझल पांढरं दगड झालं होतं. ते पाणी कुणाच्या डोळ्यात गेलं असतं तर?

म्हणून बसवतानाच खाली जाळी आणि निचरा करा. विजेचा बोर्ड लांब. आठवड्याला एकदा चालवा, साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात ते वाहून जातात. टाकीवाल्या आय वॉशचं पाणी कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला. महिन्याला नोझल व्हिनेगरमध्ये बुडवून क्षार काढा आणि साध्या पाण्याने नीट धुऊन बसवा.

अजून एक. शॉवरखाली कपडे उतरवावे लागतात, कॉस्टिक कापडात अडकून राहतं. आमच्या मुली म्हणाल्या, मॅडम, आम्ही नाही जाणार त्याच्याखाली. त्यांचं चुकलं नव्हतं. आम्ही गोल पडदा लावला आणि शेजारच्या कपाटात स्वच्छ गाऊन ठेवले. तुमच्याकडच्या बायकांना विचारा, त्या स्वतःहून सांगणार नाहीत.

गिरणाकाठ
विचारलं. त्यांनीही हेच सांगितलं. पडदा यादीत घातला.

आज थर्मामीटर आणला. दुपारी सव्वातीन, टाकीतलं पाणी ४३, उन्हातल्या पाईपमधून पहिलं आलेलं ५२. यात कुणाचा डोळा कसा धुवायचा?

हतनूरचा_फिटर
नाहीच धुवायचा. मानकात १६ ते ३८ अंश सांगितलं आहे. जास्त गरम पाण्याने रसायनाची क्रिया वाढते आणि माणूस तिथे १५ मिनिटं उभाही राहत नाही. थंडीत धुळ्याकडे पारा एक आकडी होतो तेव्हा उलटं, काकडून माणूस दोन मिनिटांत बाहेर येतो. आपल्याकडे मात्र उन्हाळ्याचाच प्रश्न मोठा.

सोपे उपाय आधी. काळी टाकी काढून पांढरी, वर पत्र्याची सावली, चारही बाजू मोकळ्या. पाईप भिंतीवरून नको, दोन फूट खोल जमिनीतून आणा. केळीवाले शेतकरी आपली मेन लाईन पुरतात ती नांगरापासून वाचावी म्हणून, पण पाणीही थंड राहतं. जो तुकडा उघडा राहतो त्याला इन्सुलेशनची नळी आणि वर पांढरं आवरण. तरी ३८ च्या वर जात असेल तर गरम पाणी आपोआप बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह मिळतो. आय वॉशची टाकी शेडच्या आत सावलीत असल्यामुळे तिचा प्रश्न कमी, पण तिथेही मोजा. हौद गरम पाण्याचा आहे, त्याला चिकटून टांगू नका, हातभर लांब.

मोजायची पद्धत लक्षात ठेवा. एक लिटरची बाटली आय वॉशखाली ४० सेकंदांत भरली पाहिजे. १५ लिटरची बादली शॉवरखाली १२ सेकंदांत. वही घाला, दर सोमवारी तारीख, सेकंद, अंश, सही.

मिरचीपथारी
सही सुपरवायझरची नको, काम करणाऱ्याची घ्या. दर आठवड्याला वेगळा माणूस. म्हणजे सगळ्यांच्या हाताला दांडी कुठे आहे ते बसतं.

गिरणाकाठ
सहा आठवड्यांनी लिहितोय. टांगायचा आय वॉश तेव्हाच लावला. टाकी पांढरी झाली, वर सावली, तळातून वेगळी लाईन, पाईप पुरला, जाळी आणि निचरा केला. बायकांची मोरी वेगळी, कोपराचे नळ. फ्लेक्स आता गार पाण्यात थोडे थोडे टाकून, चष्मा आणि चेहऱ्याची ढाल लावूनच विरघळवतो, गरम हौदात कुणी टाकत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं.

मुलाला तज्ज्ञांकडे नेलं. उपचार चालू झाले आहेत, पुढची तारीख महिन्याने. शस्त्रक्रियेचा निर्णय तेव्हा.

आजची पहिली वही :
आय वॉश, बाटली ३४ सेकंदांत. पाणी ३३ अंश.
शॉवर, बादली १९ सेकंदांत. दुपारी ३ वाजता ३६ अंश.

शॉवर कमी पडतोय. प्लंबरने दोन इंचाऐवजी शेवटचा तुकडा सव्वा इंची टाकला आणि तीन एल्बो मारलेत. शुक्रवारी काढून परत टाकतोय, तोवर त्याचे पैसे थांबवले आहेत.

चाचणी त्या मुलानेच घेतली. हौदापाशी उभा राहिला, डोळे मिटले आणि भिंतीला हात लावत गेला. ७ सेकंदांत दांडी सापडली. वहीत पहिली सही त्याची आहे.

हतनूरचा_फिटर
शुक्रवारी पाईप टाकताना फोटो टाका. तो शेवटचा एल्बो काढून लांब वळणाचा बेंड लावा, दोन-तीन सेकंद तिथेच मिळतील.